बुवांना स्वतंत्र एको हवा

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी फुकटात करून देतो, त्यामुळे सूचना करायचा हक्क सगळ्यांना सारखा आहे. सूचनाही सगळ्यांची एकच: "जरा एको टाक."

बुवांच्या आवाजाला एको, पेटीला एको, पखवाजाला एको. टाळांना एको दिल्यावर काय होतं हे ज्याने ऐकलंय तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. पण टाळकरी सहा, आणि सहाही जण मंडळाच्या निवडणुकीतले मतदार.

मी सुचवलं, एकच रिव्हर्ब (म्हणजे तुमचा हाच एको) वेगळ्या बसवर, म्हणजे आवाज एकत्र येतात अशा वाटेवर ठेवू आणि प्रत्येक ट्रॅकमधून हवा तेवढा आवाज तिकडे पाठवू. जगभर असंच करतात. सगळे एकाच देवळात बसल्यासारखे वाटतात आणि प्रोसेसरही जगतो. पेटीवाल्या अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे माझा आणि पखवाजाचा एको सामाईक?" त्या दोघांचा सामाईक भिंतीवरून दावा चालू आहे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

तेव्हा ज्याचा त्याला स्वतंत्र. बरं, एको म्हणजे काही फुकटचा माल नव्हे. खऱ्या सभागृहाची घुमक टिपून ती आवाजाला चढवायची, याला कन्व्होल्यूशन म्हणतात. आवाजाची सेकंदाला ४८,००० मोजमापं, म्हणजे सॅम्पल, आणि घुमक दोन सेकंदांची. म्हणजे सरळ हिशेबाने दर सॅम्पलमागे ९६,००० गुणाकार. सेकंदाला ४६० कोटी! प्लगइन, म्हणजे एकोसारखी जोड-सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं हुशार असतात, फूरिए रूपांतराच्या आडवाटेने हा आकडा कितीतरी खाली आणतात, म्हणून माझा लॅपटॉप अजून शाबूत आहे. अण्णा मात्र आकडा ऐकून खूश. "बघ, आपल्या पेटीमागे किती मेहनत आहे!"

मग स्पीकर तडतडू लागले. प्रोसेसरचा मीटर ४० टक्क्यांवर. बुवांनी त्यावर बोट ठेवलं. "अरे, साठ टक्के शिल्लक आहे की! वापर ना."

आता हे समजावायचं कसं? प्रश्न किती काम पडलंय हा नसतो, ते वेळेत होतं का हा असतो. बफर, म्हणजे एका दमात हिशेबाला घेतलेला आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा असला तर सगळं गणित २.७ मिलिसेकंदांत उरकायचं. जरा उशीर झाला की तड. त्यात मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर, ओळीने बसवलेले इक्वलायझर, कंप्रेसर, लिमिटर. आधीच्याचं झाल्याशिवाय पुढच्याला हात लावता येत नाही, त्यामुळे ती अख्खी रांग प्रोसेसरच्या अनेक कोअरपैकी (काम करणाऱ्या भागांपैकी) बहुधा एकाच्याच गळ्यात पडते. संध्याकाळी द्वारका चौकात अडकलेल्याला गंगापूर रोड मोकळा असल्याचं सांगून काय उपयोग?

बफर १०२४ केला. २१ मिलिसेकंद मिळाले, तडतड थांबली. नेमकी तेव्हाच बुवांना एक ओळ पुन्हा गायची हुक्की आली. एवढ्या बफरला गळ्यातून निघालेला आवाज हेडफोनात पोहोचेपर्यंत चांगलाच रेंगाळतो, कारण आत येताना थांबायचं आणि बाहेर पडतानाही. बुवा थबकले. "माझ्या मागून कोण गातंय?" तरी गात राहिले, आणि लय अशी ओढली की पखवाजवाले दोनदा घड्याळाकडे बघून गेले.

बफर पुन्हा १२८. तडतड पुन्हा हजर. वर मे महिना. माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. लॅपटॉप तापला की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. ही सोय आम्हाला नाही.

शेवटी ट्रॅक फ्रीझ केले. रिव्हर्बसकट आवाजाची तयार फाईल होते, तेच गणित पुन्हापुन्हा करावं लागत नाही. झकास चाललं होतं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "माझा एको किंचित कमी कर." किंचितसाठीसुद्धा ट्रॅक अनफ्रीझ करावा लागतो. ते बघून पखवाजवाल्यांनाही किंचित वाढवून हवा झाला.

रात्री उशिरा फाईल काढायला लावली. त्या वेळी कुणी ऐकत नसतं, मिलिसेकंदांची घाई नसते, प्रोसेसर सवडीने एकेक हिशेब पुरा करतो. साडेसात मिनिटांच्या अभंगाला दहा मिनिटं लागली. एकही तड नाही. बुवांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे दिवसभर तू मुद्दाम तडतड करत होतास?"