फ्यूज वीस रुपयांचाच होता, पण…

नमस्कार सर. तुम्ही लिहिलंय, ‘वीस रुपयांच्या फ्यूजसाठी तीन तास बसवलं, मीटर उघडलं, १,४०० रुपये घेतले. कारागिराला रिले कुठे असतो तेही माहीत नाही, कान लावून शोधत होता.’ तीन तास लागले, पैसेही तेवढेच घेतले. पण काम फ्यूजचं नव्हतं.

गाडी आली तेव्हा डॅशबोर्डवरचं स्पीड दाखवणारं मीटर मेलेलं, इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइट बंद. स्टिअरिंगखालची फ्यूजपेटी उघडली तर १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी कुणीतरी ३० चा हिरवा ठोकलेला, तोही उडालेला. आम्ही १० चा घातला. सगळं चालू झालं, आणि स्टिअरिंग खाली-वर करताच पुन्हा उडालं. तेव्हाच बिल करून सोडलं असतं तर द्वारका चौकात परत अडकला असतात.

मग फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब लावला. शॉर्ट असेल तोवर तो लख्ख पेटतो, वायर सुटली की मंदावतो, आणि करंट दोन अँपिअरच्या आत राहतो म्हणून काही जळत नाही. एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने वायरिंग हलवत जायचं. वेळ इथेच जातो. मीटरमागे हात गेला तसा बल्ब मंदावला. रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी तिथून कुणीतरी जोड काढला होता; टेप सुटून तांबं लोखंडी पट्टीला टेकत होतं. ३० चा फ्यूज १० च्यापेक्षा उशिरा उडतो, म्हणून वायर आधी तापली आणि शेजारच्या दोन वायरींना वितळून चिकटली.

कान लावण्याचं म्हणाल, तर फ्लॅशर रिले, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा स्विच, असाच सापडतो. हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावायचा स्विच, दाबायचा आणि टिकटिक कुठून येते ते ऐकायचं. कुठल्या गाडीत तो पेटीत असतो, कुठल्या गाडीत मीटरमागे. नव्या गाड्यांत बऱ्याचदा वेगळा रिलेच नसतो, टिकटिक मीटरमधला स्पीकर करतो. मग आमचाही कान फसतो.

चूक आमची दोन ठिकाणी झाली. मीटर उघडण्याआधी तुम्हाला फोन करून खर्च सांगायला हवा होता. तुम्ही चहाला गेला होतात, मी थांबलो नाही. माफ करा. आणि त्र्यंबक रोडला डॅशबोर्ड खडखडतो म्हणता, ती क्लिप आमच्याच हातून तुटली. नवी आणून ठेवली आहे, दहा मिनिटांत बसेल, पैसे नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं, तेवढा वार सोडून या. जळालेली वायर आणि तो हिरवा फ्यूज डब्यात ठेवलाय, तोही बघून घ्या.