कुलूप कसं निवडावं, चोराची गैरसोय न करता

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली, लग्नाच्या तिथी निघाल्या की जळगाव-धुळ्याकडे घरंच्या घरं बंद करून लोक निघतात आणि दोन दिवसांनी पेपरात ती ठरलेली बातमी येते, बंद घराचा कडीकोयंडा तोडून इतके तोळे लंपास. ही बातमी नीट वाचू नका. वाचली तर लक्षात येईल की चोर कुलपाच्या नादी लागलेलाच नाही, त्याने सरळ कोयंडा उपटला, आणि मग तुमचा आणि साडूचा जो वाद चाललाय, लोखंडी चावी भारी का बोटाने उघडणारं डिजिटल लॉक भारी, त्यातली सगळी मजाच जाईल. वाद तर पाहिजेच भो. म्हणून दोन्ही पार्ट्यांना सल्ला देतो, फुकट आहे, घेऊन टाका.

आधी चावीवाले. तुम्ही चारचौघात सांगायचं की मशीन बिघडतं, लोखंड बिघडत नाही. तुमच्या दाराच्या नाईट लॅचचं तंत्र लायनस येल नावाच्या अमेरिकन माणसाने १८६१ साली पेटंट केलेलं, आत स्प्रिंगवर उभ्या बारीक पिना असतात, बरोबर चावी गेली की सगळ्या एका रेषेत येतात आणि मधला गोल दांडा फिरतो. एवढं जुनं म्हणजे चांगलंच असणार, एवढं लॉजिक पुरे. त्याआधी १८५१ साली लंडनात हॉब्ज नावाच्या कुलूपवाल्याने, 'उघडून दाखवा आणि दोनशे गिनी घेऊन जा' म्हणून दुकानाच्या काचेत ठेवलेलं ब्रामा कंपनीचं कुलूप चावीशिवाय उघडलं होतं, सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले त्याला. हा किस्सा साडूला सांगू नका. तसंही आपल्याकडच्या चोराला ५१ तास परवडत नाहीत, तो एवढा वेळ ओट्यावर बसला तर शेजारच्या काकू चहा विचारतील, म्हणून तो बिचारा कटावणी घेऊन येतो.

चावी हरवली तर फुटपाथवरच्या चावीवाल्याला घरीच बोलवा, आणि तो काम करत असताना अजिबात बघू नका, कारण बघितलं तर झोप उडेल. तो कोरी चावी कुलपात घालतो, पकडीने धरून जरा इकडे तिकडे दाबतो, बाहेर काढून उन्हात तिरकी धरतो, पिना जिथे अडल्या तिथे पितळेवर सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटलेले असतात, तेवढ्याच जागी कानस मारतो, परत घालतो, परत बघतो. थोड्या वेळात दार उघडतं. खाली एकही मशीन नाही, वर वीज नाही, फक्त डोळे आणि हात. तुम्ही त्याला पैसे द्या, वर आपण गावाला कधी जाणार तेही सांगून टाका.

नवीन फ्लॅटची चावी मिळाली की ती तळहातावर ठेवून फोटो काढायचा आणि 'स्वामींची कृपा' लिहून स्टेटसला टाकायचा, ही प्रथा मोडू नका. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठात २००८ साली संशोधकांनी नुसत्या फोटोवरून चावीच्या खाचा मोजून डुप्लिकेट बनवता येते हे दाखवलं, एक फोटो तर त्यांनी १९५ फुटांवरून, गच्चीवर दुर्बीण लावून काढलेला. तुम्ही त्यांना दुर्बिणीचाही खर्च ठेवत नाही, एवढे चांगले लोक कुठे मिळतात. आणि रोजची चावी मीटरच्या पेटीत, तुळशीच्या कुंडीखाली किंवा चपलांच्या स्टँडमागे. चौथी जागा शोधू नका, चोराला सवय नाही.

आता डिजिटलवाले. तुमचं काय सांगावं, पंधरा-वीस हजार मोजलेत, दाराला निळा दिवा लागतो, पाहुणे आले की तुम्ही मुद्दाम बाहेर जाऊन दार लावून घेता आणि बोट लावून परत आत येता. घरातल्या सगळ्यांचे ठसे टाका, म्हातारीचा अंगठा विसरू नका. तिने आयुष्यभर कापूस वेचलाय, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघालीत, रेशनच्या दुकानात त्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, पदराला पुसून लावते, ओला करून लावते, दुसरं बोट लावते, मागची रांग ओरडते. आता हीच मजा तिला स्वतःच्या घराच्या दारात मिळू द्या, पश्चिमेचं दार, एप्रिलचं ऊन, हातात भाजीची पिशवी, आणि लॉकमधून बाईचा आवाज, प्लीज ट्राय अगेन. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर गेला की त्या दाराच्या मुठीला हात लावून बघा एकदा, आणि लॉक किती गरमीपर्यंत चालतं हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं ते पान तसंच राहू द्या.

ठसा कॉपी होतो का म्हणाल तर २००२ साली जपानमध्ये त्सुतोमू मात्सुमोतो या संशोधकाने जिलेटिनचं नकली बोट बनवून त्या वेळची सेन्सरं फसवली होती (जेलीचं जिलेटिन, विहिरीत लावायच्या कांड्या नव्हे). आता सेन्सरं बरीच सुधारली आहेत, पण टेन्शन घेऊ नका, तुमच्याकडे चोराला बोटाची गरजच नाही, कोड आहे ना. चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात, त्यातला तुम्ही लग्नाचं वर्ष निवडा, किंवा गाडीचा नंबर, तो तर दारातच उभा असतो. बटणं पुसू नका. वांग्याच्या भरताचा तेलकट हात रोज त्याच चार बटणांवर पडला की ती चार आपोआप चमकायला लागतात, मग दहा हजाराचे फक्त चोवीस उरतात. कामवाल्या मावशींना, दूधवाल्याला, कूलरवाल्याला, भाच्याच्या मित्राला एकच कोड द्या. प्रत्येकाला वेगळा कोड देता येतो, काम झालं की काढून टाकता येतो, कोण किती वाजता आलं ते दिसतं, चावीच्या बापाला जमणार नाही असं हे एकच खरं काम त्या यंत्रात आहे, पण तो मेनू कोणी उघडून बघितलाय? बसवणाऱ्या पोराने दिलेला मास्टर कोडसुद्धा तसाच ठेवा, त्याला लक्षात ठेवायला सोपा जातो.

ब्लूटूथ पाहिजे तर तेही घ्या, २०१६ साली अमेरिकेत हॅकर लोकांच्या डेफकॉन संमेलनात दोघांनी सांगितलं की आम्ही १६ ब्लूटूथ कुलपं तपासली आणि १२ उघडली, काही कुलपं तर पासवर्ड हवेत उघडाच फेकत होती. २०१७ साली तिकडेच एका कंपनीने चुकीचं अपडेट पाठवलं आणि पाचशेच्या आसपास घरांची कुलपं गपगार झाली. आपल्याकडे मात्र सगळ्यांना एकच काळजी, लाईट गेली तर? लाईट गेल्याने दार अडत नाही हो, लॉक सेलवर चालतं, बंद पडतो तो वायफाय, म्हणजे पुण्यातून ॲपवर दार उघडायची ऐट तेवढी बंद. सेल संपायच्या आधी ते कित्येक दिवस पिकपिक करतं, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. साफ संपले तर बऱ्याच लॉकला खालून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची सोय असते, ती बॅटरी रात्री साडेअकराला पारोळ्यात मिळेलच. नाहीतर झाकणाखाली चावीचं भोक असतं. हो, त्या वीस हजाराच्या लॉकला पण लोखंडी चावी असते, साडूला सांगू नका, आणि ती चावी कुठे ठेवलीय? कपाटात, घरात, त्याच दाराच्या आत.

एवढं झालं की ते लॉक साध्या प्लायच्या दारावर बसवा, चौकटीकडची पट्टी अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकू द्या. चौकट, बिजागरी, लांब स्क्रू यांच्यावर पैसे घालवणारे लोक पाहुण्यांना काय दाखवणार? मागचं दार आहेच, मोरीकडचं, त्याला आजोबांच्या काळची कडी. आणि गच्चीवर बिबड्या-कुरडया वाळत घातल्यात म्हणून जिन्याचं दार दिवसातून दहादा उघडावं लागतं, त्याला तार गुंडाळलेली बरी.

गावाला जाताना खबरदारी घ्या. डिजिटल लॉकचा एक दोष असा की घर बंद आहे का आत माणूस आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून सेफ्टीसाठी वरून एक मोठं कुलूप लटकवा, कोपऱ्यापासून दिसेल असं. ओट्यावरचा दिवा रात्रंदिवस चालू. पेपर बंद करू नका, दारात साचू द्या. निघताना कोणी विचारलं, जिभाऊ, कथा चालनात, म्हणजे कुठे निघालात, तर गाव, तारीख आणि परतीची गाडी सगळं सांगा. पोलीस म्हणतात बाहेरगावी जाताना कळवून जा, त्यांना कशाला त्रास, स्टेटसला टाका, भुसावळ स्टेशनवर सगळ्या फॅमिलीचा फोटो, कोण कोण घरी नाही ते मोजायला सोपं पडतं. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं तर भाडं भरावं लागतं, त्यापेक्षा गोदरेजचं कपाट बरं, आणि कपाटाची चावी डाळीच्या डब्यात.

परत आल्यावर दार चौकटीसकट आडवं पडलेलं दिसेल. घाबरू नका, बोट लावून बघा, निळा दिवा लागेल, बाई वेलकम होम म्हणेल. मग पंचनामा होईपर्यंत मोबाईल काढा आणि रिव्ह्यू लिहा, लॉक एकदम मजबूत आहे, साधा ओरखडासुद्धा नाही, पाच स्टार.