शिडी घट्ट धरा

पंखा बसवून झाला की घरातले सगळे वर बघतात आणि ‘वा, छान बसला!’ म्हणतात. ही दाद शिडीवर चढलेल्या माणसाला असते. ज्याने सगळा वेळ खाली उभं राहून ती शिडी धरली, त्याच्या मानेची अवस्था कोणी विचारत नाही. १८८० च्या दशकात शिलाई यंत्रांच्या मोटरवर काम करणाऱ्या फिलिप डील यांनी तशीच मोटर छताला टांगून विजेवर चालणारा छताचा पंखा केला, हे इतिहासाने नीट टिपून ठेवलंय. त्या वेळी खाली शिडी कोणी धरली होती, यावर इतिहास गप्प आहे.

आमच्या घरात या पदावर माझी कायम नेमणूक आहे.

निमित्त हॉलमधल्या पंख्याचं झालं. पाचवर ठेवला तरी तो दोनवर असल्यासारखा रेंगाळायचा. वायरमनने एकदा वर पाहिलं आणि म्हणाला, ‘कंडेन्सर कमजोर झालाय. बदलला की पळेल.’ निदान बरोबर होतं. पंखा हळू होण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. पण सौ.ने तोवर दोन नवे पंखे मागवून ठेवले होते, एक हॉलला आणि एक बेडरूमला. जुन्या पंख्याचं दुखणं एवढं किरकोळ निघावं हे घरात कोणालाच मानवलं नाही. आम्ही ते निदान एकमताने फेटाळलं.

अण्णांचा पहिला आक्षेप शिडीला होता. त्यांच्या काळी पंखा बसवायचा म्हणजे टेबल, टेबलावर स्टूल आणि स्टुलावर माझा धाकटा मामा अशी रचना असायची. ‘कधी कोणी पडलं का?’ असं ते विचारतात. मामा चालताना डावीकडे का कलतात, हे मी उलट विचारत नाही.

वायरमनची शिडी लाकडी होती. अॅल्युमिनियमची उचलायला हलकी, पण वीज तिच्यातूनही आनंदाने जाते, असं त्याचं म्हणणं. मग त्याने मेन बंद करायला सांगितलं.

‘बटण बंद आहे की,’ अण्णा म्हणाले.

‘बटण बंद म्हणजे पंखा बंद, काका. वायर बंद आहे असं कुठं लिहिलंय?’

यातली गोम अशी. बटण फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या, वायरवर हवं. पण वायरिंग करणाऱ्याने घाईत ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, टाकलं असेल, तर बटण दाबल्यावर पंखा थांबतो खरा, वरच्या वायरीत वीज मात्र हात लागायची वाट बघत बसलेली असते. म्हणून मेन. आणि मेन बंद करण्याआधी त्याने चालू सॉकेटमध्ये टेस्टर घालून खुद्द टेस्टरचा दिवा लागतो ना ते बघितलं. मेन पाडल्यावर तोच टेस्टर वरच्या प्रत्येक वायरीला लावला. एवढा संशयी माणूस मला फार आवडतो. घरातल्या अपघातांचं मूळ बहुतेक वेळा ‘त्यात काय एवढं’ या तीन शब्दांत असतं, आणि हा माणूस ते शब्द उच्चारत नव्हता.

मेन पडल्यावर खरा धोका खोलीचं दार उघडून बाहेर आला. आमचे चिरंजीव. इंटरनेट गेलं हे त्याला पुरेसं होतं. ‘ट्रिप झालंय वाटतं’ असं पुटपुटत, वर न बघता, शिडीला वळसा घालून तो थेट मेनकडे निघाला. मी ओरडलो. शिडी सोडून धावता येत नाही, हे या नोकरीचं सगळ्यात मोठं दुःख आहे. शेवटी अण्णांनी मेनपाशी खुर्ची टाकली आणि किल्ल्याच्या दरवाजावर बसावं तसे बसले. निवृत्तीनंतर एवढ्या जबाबदारीचं पद त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. दर थोड्या वेळाने ते ‘बंदच आहे!’ अशी आरोळी द्यायचे.

वर हुकाची तपासणी चालली होती. स्लॅबमधल्या सळयांना धरून ओतलेला हुक असेल तर काळजी नाही. नुसत्या फॉल्स सीलिंगच्या भरवशावर पंखा टांगणं म्हणजे खाली झोपणाऱ्याच्या नशिबाची परीक्षा. आमचा हुक भक्कम निघाला. मग हुकात रबर, रबरातून बोल्ट, बोल्टला नट आणि नटाच्या पुढे एक चिमुकली पिन. पंखा फिरताना थरथरतो, थरथरीने नट हळूहळू सैल होतो, आणि तो गळून पडू नये म्हणून ही पिन आरपार घालून तिची टोकं फाकवायची असतात. पाच-सहा किलोंचा पंखा आणि त्याखालची माणसं यांच्यामध्ये शेवटी एवढीशी तार उभी असते.

ती पडली.

मेन बंद, त्यामुळे सगळे मोबाइलचे टॉर्च लावून जमिनीवर रांगू लागले. सोफा सरकला. गालिचा उचलला गेला. वर्षापूर्वी हरवलेलं पेनाचं टोपण, चिरंजिवांनी ‘बॅग उघडलीच नाही’ असं शपथेवर सांगितलेली गुणपत्रिका, असं बरंच काही उजेडात आलं. पिन नाही. ‘तुम्ही पण जरा वाका की,’ सौ. मला म्हणाली. ‘वाकलो तर हे खाली येतील,’ मी म्हणालो. ‘साहेब, वाकू नका,’ वरून आवाज आला. अण्णांनी मेनपासून न उठता शोधमोहिमेचं नेतृत्व केलं. अखेर ती पिन माझ्या पायजम्याच्या दुमडीत सापडली. त्या खोलीत जागचा न हललेला मी एकटाच होतो, त्यामुळे माझी झडती घ्यावी असं कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

उंचीवरून थोडा वाद झाला. जमिनीपासून पात्यांपर्यंत निदान सात फूट हवेत, हे सगळ्यांना मान्य होतं. (भाच्यांना खांद्यावर बसवून नाचवणारे मामा ज्या घरात आहेत, तिथे सात फुटांचाही भरवसा धरू नये.) पण पंखा जितका वर तितका सुरक्षित, म्हणून दांडीच काढून टाका, असं अण्णांचं मत पडलं. वायरमनने समजावलं, ‘काका, तो वरची हवा ओढून खाली टाकतो. छताला चिकटवला तर ओढणार काय?’ पाती आणि छत यांच्यात फूटभर मोकळी जागा राहील अशी दांडी लागली.

दोन्ही पंखे वर गेले, पाती लागली, अण्णांनी समारंभपूर्वक मेन चालू केलं, आणि दोन्ही पंखे डुलायला लागले. एखादा डुलला असता तर समजण्यासारखं होतं. वायरमनने स्क्रू आवळले, प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचं अंतर मोजलं. सगळं बरोबर. मग त्याने अत्यंत शांतपणे विचारलं, ‘पाती खोक्यांतून कोणी काढली?’

‘मी,’ सौ. म्हणाली. ‘धूळ बसली होती, सगळी पुसून एकावर एक ठेवली.’

पाती कारखान्यातून वजन जुळवून तिघांच्या संचात येतात. सहा जणांची सरमिसळ झाली होती. चिरंजिवांनी लगेच हिशेब मांडला: सहा पात्यांचे तीन-तीनचे दोन गट १० प्रकारे होतात आणि त्यातला एकच बरोबर. शाळेतल्या गणिताचा घरात उपयोग झाल्याची ही एकमेव घटना, आणि तिने कोणालाही धीर आला नाही. १० वेळा शिडी धरायची या कल्पनेनेच माझे खांदे भरून आले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘माझा वजनकाटा देऊ का?’ सहाही पाती काट्यावर चढली आणि तीन-तीन अशी आपसूक वेगळी झाली. सकाळपासून आईला कोणी काही विचारलंच नव्हतं.

आता दोन्ही पंखे स्थिर आहेत. नव्या प्रकारच्या मोटरचे असल्याने जुना ७५ वॉट खायचा तिथे हे तिशीच्या आसपास भागवतात. खोली गार होत नाही म्हणून चिरंजीव कुरकुरतात. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. तेव्हा खोलीत कोणी नसताना तो फिरवण्यात अर्थ नाही, हे मी त्याला सांगून पाहिलंय. तो उठून जातो आणि पंखा फिरत राहतो.

या पंख्यांचा वेग रिमोटवर. जुना रेग्युलेटर त्यांना चालत नाही, म्हणून वायरमनने तो सर्किटमधून काढला. बोर्डाला भोक दिसायला नको म्हणून त्याची चकती मात्र तशीच ठेवली. तिच्यामागे एकही वायर नाही. हे अण्णांना सांगायचं राहून गेलं, आणि आता सांगायची सोय उरलेली नाही, कारण रिमोटपेक्षा चकती कशी भरवशाची हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पटवून देतात. काल रात्री त्यांना थंडी वाजत होती. त्यांनी चकती चारवरून दोनवर आणली, पाच मिनिटं अंदाज घेतला आणि म्हणाले, ‘आता कसं बरं वाटतंय.’