'हेवी'ची सोयरीक

इंग्रजीचे व्याकरण पाठ करता येते, स्पेलिंग घोकता येते. परंतु कोणत्या शब्दाची सोयरीक कोणाशी जमते, हे सांगणारा मध्यस्थ काही भेटत नाही. 'हेवी' हा शब्द घ्या. आमच्या सांगलीत तो कोणालाच नकार देत नाही: नाश्ता हेवी होतो, पिक्चर हेवी असतो आणि ट्रकचालकाचे लायसन तर हेवीच असते. बँकेच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी भाची आमच्या विश्रामबागेतल्या घरी राहावयास येईपर्यंत माझाही या शब्दाशी काही तंटा नव्हता.

"मामा, पाऊस हेवी, ट्रॅफिक हेवी, मग वारा स्ट्राँग का?" हा प्रश्न तिने ऐन जेवणात टाकला. दंड हेवी, नुकसान हेवी, चहा मात्र स्ट्राँग. आणि काडीपैलवान माणूसही पाकिटांवर पाकिटे ओढू लागला, की तो हेवी स्मोकर. गाढ झोपणाऱ्याला हेवी स्लीपर म्हणतात, हे ऐकून मिरजेच्या रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी म्हणाले, "स्लीपर रुळाखाली असतो, काँक्रीटचा. तो हेवीच असणार, त्यात शिकायचे काय?"

या शब्दसंगतीला भाषाशास्त्रात 'कॉलोकेशन' म्हणतात आणि तिला तेथे मानाचे पान मिळवून देणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. तिथेही एखादी भाची त्यांना भेटली असावी, असा माझा दाट संशय आहे. त्यांचे शिष्य हॅलिडे यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की चहा स्ट्राँग आणि मोटार पॉवरफुल. अर्थ जवळचा असला तरी अदलाबदल चालत नाही. का चालत नाही, तर इंग्रज तसे म्हणत नाहीत म्हणून! एवढ्या उत्तरावर भाचीचे समाधान होणे शक्य नव्हते. "त्यापेक्षा आपली मराठी बरी," असे मी म्हणताच तिने विचारले, "मग आपण फोटो काढतो, कर्ज काढतो, झोप काढतो आणि माणसाची अब्रूही काढतो, ते कसे?" मी वर्तमानपत्र पुढे ओढले.

शेवटी तिला महापुरावर इंग्रजी निबंध लिहावयास सांगितला. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे तिने अचूक लिहिले; मात्र पुढे कृष्णेला 'हेवी वॉटर' आणून सोडले. हेवी वॉटर म्हणजे जड पाणी. त्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करण्यासाठी ते वापरतात आणि अलिबागजवळ थळच्या कारखान्यात ते मोठ्या खटपटीने तयार होते. ते कृष्णेतून फुकट वाहत आले असते, तर वाळूबरोबर तेही रातोरात उपसले गेले असते.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली आणि खोलीसाठी तिने माझ्यासमोरच एका घरमालकांना फोन लावला. "हेवी डिपॉझिट लागेल," ते म्हणाले.

"काका, इंग्रजीत डिपॉझिटला हेवी म्हणत नाहीत, लार्ज म्हणतात."

"नका म्हणू, बाळ," पलीकडून शांतपणे उत्तर आले, "भरताना आपोआप म्हणाल."