काचेतल्या जाकिटाचा खर्च

ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर या पर्थच्या कलाकारांनी २००४ साली एक जाकीट वाढवलं. जेमतेम दोन इंचांचं. विरघळणाऱ्या पॉलिमरच्या साच्यावर उंदराच्या आणि माणसाच्या पेशी पसरवल्या, काचेच्या भांड्यात त्यांना पोषक द्रव पाजला, आणि कातड्यासारखा पापुद्रा धरला. नाव ठेवलं ‘व्हिक्टिमलेस लेदर’, म्हणजे कुणाचा बळी न घेता मिळालेलं चामडं. पण त्या द्रवात न जन्मलेल्या वासराच्या रक्तातला सीरम असतो. कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेली की तिच्या गर्भातून तो काढतात. हे कलाकार स्वतःच सांगतात. या कामाचं मोल मला तिथेच दिसतं.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून घरी फोन केला की हा वाद एकदा तरी निघतो. श्रद्धा एकीकडे; दुसरीकडे भाकड बैल दावणीला बांधून बसलेला शेतकरी, आणि कातडं मिळेनासं झालेला चांभार. मग कुणीतरी म्हणतं, प्रयोगशाळेत मांस-चामडं होऊ लागलं की भांडण मिटेल. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-संशोधन संस्थेत असं मांस वाढवायचं ठरलं, तेव्हा त्याला ‘अहिंसा मांस’ म्हणूनच पुढे आणलं गेलं. इथे ऑस्ट्रेलियातही २०२५ मध्ये बटेराच्या पेशींपासून वाढवलेलं मांस विकायला परवानगी मिळाली, आणि इथल्या लोकांनाही तोच दिलासा हवा आहे. सीरमशिवाय पेशी वाढवण्याचे मार्ग आता निघालेत, ही चांगलीच गोष्ट आहे. तरी आपल्या सोयीचा भार कुणावर पडतो, हे विचारायचं थांबवू नये.

कॅट्स आणि झुर ते विचारायला लावतात. त्यांची सिंबायोटिका ही संस्था २००० साली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात सुरू झाली. तिथे कलाकारालाही शास्त्रज्ञासारखीच नैतिकता समितीची परवानगी लागे, आणि हे मला अगदी रास्त वाटतं. प्रदर्शन संपताना ते प्रेक्षकांना भांड्यातल्या अर्धजीवांना, म्हणजे शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींना, हात लावायला सांगतात. हातावरचे जंतू पेशींना मारतात. मारणारा प्रेक्षकच असतो. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात २००८ साली हे जाकीट इतकं वाढलं की नळ्या तुंबल्या, आणि पाओला अँटोनेली या क्युरेटरला पोषण तोडावं लागलं. तो निर्णय तिला जड गेला. खाटकाचं काम एरवी आपण दुसऱ्यावर सोपवतो. इथे ते तिच्या पदरी आलं.

सगळ्याच जैवकलेची, म्हणजे जिवंत पेशी-प्राणी वापरून केलेल्या कलेची, बाजू मी घेणार नाही. एदुआर्दो काक यांनी २००० मध्ये हिरवा चमकणारा अल्बा नावाचा ससा कलाकृती म्हणून जाहीर केला. वेदना जाणणारा जीव चर्चेसाठी घडवायचा, हे मला पटत नाही. पेशींचा पापुद्रा आणि ससा यांत फरक केलाच पाहिजे.

भारतात हे अशक्य नाही. बंगळूरच्या सृष्टी संस्थेच्या कलाविद्यार्थ्यांनी २००९ मध्येच पहिल्या पावसातल्या मातीचा वास देणारे जिवाणू घडवून आयजेम या जैवतंत्रज्ञानाच्या स्पर्धेत नेले होते. पुण्यात आयसर ही विज्ञानसंस्था आहे, मुंबईत जे. जे. हे कलामहाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी असं एखादं जाकीट वाढवावं, सीरमची बाटली त्याच्या शेजारीच मांडावी, आणि पहिलं प्रदर्शन कोल्हापुरात, चपला करणाऱ्या कारागिरांसमोर भरवावं. त्यांचं मत मला ऐकायचं आहे.