कार्बोरेटरला पाना लावण्याआधी डेल्कोचं झाकण उघडा!

एसयू कार्बोरेटरच्या नटाकडे (पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा तो नट!) धावणारे हात बघितले की डोकं फिरतं! चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला, ताडपत्री काढून जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाहेर आली आणि पणजीच्या अटल सेतूच्या चढावर मिसिंग मारायला, म्हणजे अडखळायला लागली, की म्हापशापासून मडगावपर्यंत निदान एकच: "कार्बोरेटर गेलाय, ट्युनिंग करून देतो." प्लग काढले नाहीत, डेल्को (प्लगांना क्रमाने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) उघडला नाही, थेट दोन कार्बोरेटरचे दोन्ही नट फिरवायला सुरुवात.

अहो, त्या नटावर स्प्रिंग असते. तो चार महिने उभ्या गाडीत आपोआप फिरत नाही! मे महिन्यात गाडी नीट चालत होती ना? मग त्यानंतर बदललं काय? दमट खारी हवा लागली, पेट्रोल शिळं झालं, कॉन्टॅक्ट गंजले. शोध तिथे घ्या.

1798 सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे ते, फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2. सुरू ठेवून एकेक प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढा. काढल्यावर आरपीएम (इंजिनाचा वेग) पडला तर तो सिलिंडर काम करतोय, काही फरक पडला नाही तर तोच चोर. पाच मिनिटांचं काम! आणि त्यातून किती कळतं बघा. 1 आणि 2 मिळून अशक्त असतील तर पुढचा कार्बोरेटर तपासा, कारण ते दोघे एकाच पोर्टमधून श्वास घेतात. 3 आणि 4 असतील तर मागचा. पण मधले 2 आणि 3 अशक्त असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने बघा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवेत. कमी असलेल्यात चमचाभर तेल घाला. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. टॅपेटचं (व्हॉल्व्हचं) अंतर थंड इंजिनला 0.015 इंच, तेही इंजिन थंड झाल्यावर बघून घ्या.

आता डेल्को. सगळ्यात जास्त राग इथेच येतो, कारण बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं आणि झाकणाच्या दोन क्लिपा काढायचाही कंटाळा! पॉइंटचं (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचं) अंतर 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिमी. फीलर गेज लावा, डोळ्याने अंदाज नको. कॅमला ग्रीस नसेल तर पॉइंटची फायबरची टाच झिजते, अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे जातं. पॉइंट काळेनिळे जळलेले दिसले तर कंडेन्सर बदला. झाकणाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ते झाकण गेलं. दमट हवेत करंट त्या रेघेवरून पळतो. अंधारात बॉनेट उघडून बघा, ठिणग्या नाचताना दिसतात.

शिवाय डेल्कोच्या आतल्या त्या दोन बारीक वायर! व्हॅक्यूम ॲडव्हान्सने (ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या यंत्रणेने) प्लेट हलली की त्या वाकतात, आणि वर्षानुवर्षं वाकून कव्हराच्या आत तांब्याचे तंतू तुटतात. बाहेरून वायर धडधाकट. आयडलिंगला गाडी छान, पाय दाबला की अडखळते, आणि लगेच "जेट (कार्बोरेटरची पेट्रोल सोडणारी नळी) बसला" म्हणतात. वायर चिमटीत धरून ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तुटलेली आहे. पन्नास रुपयांचंही सामान लागत नाही हो!

पेट्रोलचंही तसंच. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप नेमकं तेच उचलतो. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) काचेच्या बाटलीत रिकामा करा, तळाला वेगळा थर दिसला तर अख्खी टाकी उपसा. जुने रबरी पाइप या पेट्रोलने मऊ पडतात, तेही बदला.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर. त्यातही आधी थ्रॉटल शाफ्ट आणि फ्लँज गॅस्केटवर क्लीनर फवारा. आरपीएम बदलला तर हवा ओढतेय, तिथे नट फिरवून उपयोग शून्य. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या वरच्या नळीत) तेल आहे का बघा. मग कार्बोरेटरमधला पिस्टन त्याच्या पिनेने जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), पडला तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून स्थिर झाला तर बरोबर. इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण थोडं लीन पडतं. त्यासाठी नट एखाद-दोन पैलू (नटाच्या सहा बाजूंपैकी एकेक) खाली घ्यावा लागेल, तेवढंच.

आणि ज्यांना आधी नटच फिरवायचाय, त्यांनी निदान किती पैलू आणि कुठल्या दिशेला ते खडूने एअर फिल्टरवर लिहून ठेवा. नाहीतर पुढच्याला दोन्ही जेट पार वर नेऊन, 12 पैलू खाली मोजून, सगळं शून्यापासून सुरू करावं लागतं. आणि ती तुटकी वायर तोवर डेल्कोत तशीच असते!