जुनं ग्राफिक्स कार्ड विकण्याबद्दल: परभणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर लांबलं म्हणून प्रतिक्रियेखाली न देता इथे वेगळं देतो आहे.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की वापरलेलं ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरचं चित्र पडद्यावर आणणारा भाग) गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवा, पैसे आपल्या खात्यात दिसल्यावरच हातात द्या, अनोळखी माणसाला कुरिअर करू नका, आणि हे जमणारं नसेल तर दुकानदाराला कमी भावात देऊन मोकळे व्हा. त्यावर तुमचं म्हणणं असं: हा सल्ला मुंबई-पुण्याच्या लोकांपुरता आहे, परभणीत माझं एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड घ्यायला कोण बसलंय? अनोळखी माणसाला घरी बोलावणं कुरिअरपेक्षा जास्त धोक्याचं. यूपीआयची भीती घालण्यापेक्षा सरळ रोख घ्या म्हणा. कार्ड २०२१ मध्ये चढ्या भावाने घेतलंय, ते दुकानदाराला पडेल भावात का द्यायचं? आणि पुण्याचा एक जण दोन हजार ॲडव्हान्स पाठवून उरलेले कार्ड पोचल्यावर द्यायला तयार आहे, त्यात वाईट काय?

घराचा मुद्दा आधी घेतो, कारण तुमची काळजी रास्त आहे. 'चालवून दाखवा' याचा अर्थ 'घरी बोलवा' असा नाही. माणूस घरी आला की त्याला पत्ता कळतो, घरात काय काय आहे ते कळतं, कोण कधी एकटं असतं तेही कळतं. कार्ड दाखवायला लागतो फक्त बरा पॉवर सप्लाय असलेला एक कॉम्प्युटर, आणि तो कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात असतो. आपल्या नेहमीच्या दुकानदाराला सांगायचं की अर्धा तास तुमच्या टेबलावर कार्ड लावून दाखवायचंय, तुमचे काय होतील ते घ्या. शे-दोनशे रुपयांत जागा मिळते, तिसरा माणूस साक्षीला मिळतो, बहुतेक दुकानांत कॅमेराही असतो. जाण्याआधी एकच विचारून घ्या: एसएमपीएस, म्हणजे तो पॉवर सप्लाय, किती वॅटचा आहे? ३०६० स्वतः १७० वॅट खातं आणि एनव्हीडियाने त्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे. दुकानातल्या जुनाट सप्लायवर कार्ड लावलं आणि ऐन चाचणीत कॉम्प्युटर बंद पडला, तर गिऱ्हाईक दोष कार्डालाच देणार.

टेबलावर काय करायचं तेही सांगतो, कारण विकणाऱ्याचं खरं संरक्षण इथेच आहे. कार्ड लावण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा सीरियल नंबरचा स्टिकर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही शेजारी ठेवून फोटो काढा. मग जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून नाव, १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटचा बस, म्हणजे मेमरीची वाट किती रुंद ते, दाखवा. गिऱ्हाइकाने हे मागितलं तर राग मानू नका. जुन्या स्वस्त कार्डाचं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ते 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकण्याचे प्रकार इतके झाले की जीपीयू-झेडमध्ये अशी कार्डं ओळखून नावापुढे 'फेक' दाखवण्याची सोय करावी लागली. त्यानंतर फरमार्क किंवा सुपरपोझिशन यांपैकी कार्डावर पूर्ण ताण टाकणारा एक चाचणीचा प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. तापमान कुठे स्थिरावतं ते त्याला बघू द्या, पंख्यांचा आवाज ऐकू द्या. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, जेवढी तोंडं आहेत तेवढ्या सगळ्यांना आळीपाळीने मॉनिटर जोडून दाखवा. हे सगळं मोबाइलवर चित्रित करा, सुरुवात सीरियल नंबरपासून. चार दिवसांनी 'तुमचं कार्ड बंदच होतं' असा फोन आला, किंवा दुसरंच जळकं कार्ड आणून 'हे परत घ्या' म्हणून कोणी उभं राहिलं, तर तुमच्या हातात काहीतरी असतं. नाहीतर तुमचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच उरतं.

आता माझा मुख्य मुद्दा. सुरक्षित पद्धत निवडणं म्हणजे ॲप निवडणं असं आपण धरून चालतो. माझ्या मते आधी गिऱ्हाईक निवडायचं असतं, आणि ते निवडण्याची कसोटी म्हणजे त्याचे प्रश्न. जो खरंच घेणार आहे तो हैराण करतो. बिल आहे का, वॉरंटी किती उरली, मायनिंगला (क्रिप्टो चलन मिळवायला) वापरलं होतं का, कधी उघडून थर्मल पेस्ट बदलली का, तापमान किती जातं, माझ्या साडेचारशे वॅटच्या सप्लायवर चालेल का. शिवाय घासाघीस करतो. असा माणूस कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्याशी व्यवहार करावा.

फसवणारा यातलं काहीच विचारत नाही. जाहिरात टाकल्यावर थोड्याच वेळात फोन येतो, भाव आहे तसा मान्य, 'मी फौजेत आहे, पोस्टिंग लांब आहे, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल'. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. (ती ओळखपत्रं खऱ्या जवानांची चोरलेली किंवा बनावट असतात, त्यामुळे त्यांना काडीचं मोल नाही.) मग एक क्यूआर कोड येतो. 'स्कॅन करा, आधी एक रुपया टाकून बघू.' तुम्ही स्कॅन करून पिन टाकता, एक रुपया जातो, तो दोन परत पाठवतो. विश्वास बसतो. पुढचा कोड पूर्ण रकमेचा असतो, आणि पिन टाकल्याबरोबर पैसे तुमच्याच खात्यातून जातात. ज्याला कार्ड हवं आहे तो कार्डाला वीज देणाऱ्या आठ-पिनच्या जोडणीबद्दल एक अक्षर विचारत नाही, हीच खूण पकडायची.

म्हणून मी यूपीआयबद्दल लिहिलं, भीती घालायला नव्हे. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआरची वाट मात्र उघडीच आहे. तसंच समोरच्याच्या फोनवरची हिरवी टिकमार्क म्हणजे पैसे आले असं नाही, कारण हुबेहूब तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप्स आहेत. एसएमएसही कोणीही पाठवू शकतं. आपलं बँकेचं ॲप उघडायचं, शिल्लक वाढलेली बघायची, मग खोकं पुढे करायचं. 'आजची लिमिट संपली, उरलेले उद्या टाकतो' असं कोणी म्हणालं तर कार्डही उद्याच न्या म्हणावं. नव्याने यूपीआय सुरू केलेल्याला पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा असते, त्यामुळे सांगणारा खरंही बोलत असेल. खरा असेल तर उद्या येईल.

रोख घ्या हे तुमचं म्हणणं मला पटतं, आणि त्याला तुम्ही दिलेल्या कारणांपेक्षा मोठं कारण आहे. यूपीआयने आलेले पैसे खरे असतात, पण ते चोरीचेही असू शकतात. कुठल्यातरी सायबर फसवणुकीतली रक्कम चार खात्यांतून फिरत फिरत तुमच्याकडे आली आणि मूळ माणसाने तक्रार केली, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तेवढी रक्कम, कधी कधी आख्खं खातं, गोठवते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली होतं. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली की खातं मोकळं करून घेताना माणूस मेटाकुटीला येतो. पगार त्याच खात्यात येत असेल तर घरखर्चच अडकतो. माझ्या ओळखीत एकाने जुना मॉनिटर विकला आणि हेच झालं. विकल्याचा कागद आणि गिऱ्हाइकाबरोबरचं बोलणं जपून ठेवलेलं होतं, ते दाखवून सुटका झाली, पण हेलपाटे चुकले नाहीत.

तेव्हा रोख घेणार असाल तर बँकेच्या पैसे भरण्याच्या मशीनशेजारी भेटा. गिऱ्हाइकासमोरच नोटा मशीनमध्ये टाका. संशयास्पद नोट मशीन जमा करून घेत नाही, आणि मोठी रक्कम खिशात घेऊन घरी जायची वेळ येत नाही. यूपीआयने घेणार असाल तर एका कागदावर तारीख, रक्कम, सीरियल नंबर, 'चालवून पाहिले' आणि त्याची सही घ्या. नाव ओळखपत्राशी जुळवून बघा, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यातून येताहेत ना ते बघा. 'मित्राच्या खात्यातून टाकतो' याला माझा साफ नकार असतो. तुमचं मूळ बिल देताना त्यावरचा घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर काळ्या शाईने झाका.

(मेमरीत आपलं काही राहतं का, असं कोणीतरी विचारलं होतं. नाही. ग्राफिक्स कार्डाची मेमरी वीज गेली की रिकामी होते. पूर्ण कॉम्प्युटर विकत असाल तर मात्र डिस्क काढून घ्या किंवा नीट पुसा.)

आता परभणी. तुम्ही गिऱ्हाईक गेम खेळणाऱ्यांत शोधताय, म्हणून ते तुम्हाला पुण्यातच दिसतंय. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे जा. एकेका लग्नाचं दोन-तीन कॅमेऱ्यांचं चित्रीकरण त्यांना प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं असतं, त्यातही फोर-के आलं की छोट्या कार्डाची मेमरी अपुरी पडते. ३०६० वर १२ जीबी आहे, आणि त्याच पिढीतल्या ३०६० टीआयवर ८ जीबीच. खेळणाऱ्याला टीआय जास्त वेगवान वाटेल, एडिटरला ही १२ जीबी जास्त कामाची. जाहिरातीत हेच ठळक लिहा. घरांचे थ्रीडी नकाशे करणारे आर्किटेक्ट, ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची वसतिगृहं, हीसुद्धा गिऱ्हाइकंच. ही माणसं तुमच्या टप्प्यात आहेत, ओळखीची ओळख निघते, आणि ओळख निघाली की फसवणं अवघड होतं.

भावाबद्दल मात्र मला तुमच्याशी सहमत होता येत नाही. २०२१ मध्ये तुम्ही जास्त दिलेत कारण तेव्हा चिपचा तुटवडा होता आणि इथेरियमच्या मायनिंगसाठी कार्डं उचलली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि मायनिंगची कार्डं बाजारात ओतली गेली. तो जास्तीचा पैसा त्या काळात गेला, आजच्या गिऱ्हाइकाकडून तो निघणार नाही. आज त्याच ताकदीचं नवं कार्ड वॉरंटीसकट केवढ्याला मिळतं, तिथून खाली मोजायला लागा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा तुमच्या गावातला दुकानदार त्याहून खाली मागतो याचं कारणही समजण्यासारखं आहे. त्याला पुढच्या गिऱ्हाइकाला काही दिवसांची तरी हमी द्यावी लागते, आणि कार्ड त्या दिवसांत गेलं तर नुकसान त्याचं. तुमची जोखीम तो विकत घेतो, तिचे पैसे कापतो. दोन-तीन दुकानांत विचारा, जो चालवून बघून भाव सांगतो त्याला द्या. न लावताच भाव सांगणाऱ्याला देऊ नका, तो नंतर 'आर्टिफॅक्ट येतात', म्हणजे पडद्यावर नको ते ठिपके-रेघा दिसतात, म्हणत भाव पाडतो.

राहिला पुण्याचा माणूस. आपल्याकडे ई-बे ही खरेदी-विक्रीची वेबसाइट असताना तिची पैसापे नावाची सोय होती. पैसे मध्ये थांबायचे, माल पोचला की विकणाऱ्याला मिळायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये ई-बे इंडिया बंद झालं, आणि आज जाहिरातींच्या ॲपवर भेटलेल्या दोन अनोळखी माणसांमध्ये असा मध्यस्थ सहसा नसतो. त्यामुळे कुरिअरच्या व्यवहारात कोणातरी एकाला आंधळा विश्वास टाकावाच लागतो. त्याच्या सौद्यात तो तुम्हाला टाकावा लागतोय: दोन हजारांच्या बदल्यात पूर्ण कार्ड त्याच्या हातात. 'पोचलं पण चालत नाही' असं तो म्हणाला की तुमच्याकडे काय उरतं? उलट सगळे पैसे आधी मागितले तर शहाणा माणूस मागे हटेल, आणि तेही बरोबरच आहे.

त्याने आतापर्यंत काय काय विचारलं ते आठवून बघा. बिल, वॉरंटी, तापमान यातलं काही विचारलं असेल तर माणूस खरा असण्याची शक्यता आहे. मग त्याला सांगा की कार्ड मी पुण्याला येईन तेव्हा आणतो, किंवा तिथला माझा भाऊ-मेहुणा एखाद्या दुकानात चालवून दाखवेल, तिथेच पूर्ण पैसे दे. ॲडव्हान्स घेऊ नका. भेटीआधी पैसे घेतले की 'पाठवा लवकर' म्हणायचा हक्क त्याला मिळतो. कार्ड आधी पाठवायचंच असेल तर आपल्या माणसाकडे पाठवा, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, मूळ खोक्यात, बाहेर आणखी एक खोकं. बबल रॅप थेट कार्डाला गुंडाळू नका. आणि यावर तो 'नाही, कुरिअरच करा, आजच करा' म्हणाला, तर नंबर ब्लॉक करा. त्याने आधीच काही कोड पाठवला असेल आणि तुम्ही स्कॅन करून पिन टाकला असेल, तर पुढचं वाचत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते अडवता येतात.

दुकानदार किती म्हणाला ते कळवा. लग्नाच्या स्टुडिओवाल्यांनी काय भाव दिला तेही. परभणी-नांदेडकडचे आणखी काही जण हेच विचारत आहेत, त्यांना उपयोग होईल.